५२५२ या आकड्यातला गिरणीचा घोडा

विजेच्या मोटरच्या शाफ्टवर किती टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ, मिळेल हे काढताना किलोवॉटमधील शक्तीला ९५५० ने गुणून मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी भागतात, आणि उत्तर न्यूटन-मीटरमध्ये येते. शक्ती अश्वशक्तीत आणि टॉर्क पाउंड-फुटांत असेल, तर ९५५० च्या जागी ५२५२ येतो. ९५५० ची कुळी सरळ आहे, कारण ६०,००० ला पायच्या दुपटीने भागले की तो हाती येतो. ५२५२ मात्र ३३,००० ला तसेच भागून मिळतो, आणि हे ३३,००० थेट जेम्स वॉटच्या टिपणवहीत नेऊन सोडतात.

खाणीतील पंपांसाठी वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन जुन्या इंजिनाच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घेत असत. पण चाक फिरवणारे इंजिन घोड्यांच्या जागी बसू लागले, तेव्हा वाचलेला कोळसा मोजण्याचा प्रश्नच उरला नाही आणि आकारणीसाठी घोडाच माप ठरला. १७८२ च्या टिपणात वॉटने रिग्ली नावाच्या गिरणी-कारागिराचा हवाला दिला आहे: घोडा २४ फूट व्यासाच्या रिंगणात मिनिटाला अडीच फेरे घालतो. ओढ त्याने १८० पाउंड धरली. दुसऱ्या वर्षी आकडा ३३,००० फूट-पाउंड प्रतिमिनिट असा पक्का झाला.

याविरुद्ध एक लोकप्रिय कथा अशी आहे की खाणीतले तट्टू मिनिटाला २२,००० फूट-पाउंड काम करते असे पाहून वॉटने त्यात निम्मी भर घातली. बेरीज नेमकी जुळते, पण ती जुळवून घेतलेली वाटते. टिपणवहीत खाण नाही, गिरणी आहे. रिंगणाचा हिशेब तंतोतंत केला तर ३३,९०० च्या वर जातो, आणि पाय म्हणजे ३ धरला तर ३२,४०० वर थांबतो. दोहोंमधले ३३,००० निवडण्यामागे ६० ने भागताच ५५० हा सुटसुटीत आकडा मिळतो हेच कारण असावे.

या वादाचे महत्त्व असे की गिरणीचा पक्ष मान्य केला, तर अश्वशक्तीचे माप जन्मतःच टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार ठरते. १८० पाउंड ओढ आणि १२ फूट त्रिज्या मिळून २१६० पाउंड-फूट टॉर्क होतो, आणि आज मोटरच्या नेमप्लेटवरून टॉर्क काढणारा माणूस वॉटचीच आकडेमोड उलट्या टोकाकडून करतो. १८२१ मध्ये प्रोनीने ब्रेक लावून शाफ्टचा टॉर्क प्रत्यक्ष मोजण्याची सोय केली, आणि १८८२ मध्ये सीमेन्सने विद्युतशक्तीच्या एककाला वॉटचे नाव सुचवले.

शेतावरच्या पंपापासून पिठाच्या चक्कीपर्यंत मोटर अजूनही एचपीतच मागितली जाते. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या एक एचपीच्या मोटरचा टॉर्क सुमारे ५ न्यूटन-मीटर भरतो, तर रिग्लीच्या घोड्याचा सुमारे २९३० न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ सहाशे पट. फेरे तितक्याच प्रमाणात कमी. त्यामुळे गिरणीतल्या घोड्याच्या जागी ही मोटर जोडायची झाल्यास मधल्या गिअरबॉक्सचे गुणोत्तर सहाशेच्या घरात ठेवावे लागेल, आणि दात्यांच्या घर्षणात थोडी शक्ती गेल्यामुळे मोटर एक एचपीहून किंचित मोठी घ्यावी लागेल.