‘आलं का?’ – आमच्या माळवदावरच्या अँटेनाची हकिगत

मंडळी, गेला वीकेंड गावी गेला. गाव म्हणजे कवठे महांकाळ, जिल्हा सांगली. पुण्यात कुणाला हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे नक्की कुठं?" मग मिरज-पंढरपूर रस्ता, दंडोबाचा डोंगर, द्राक्षं, बेदाणा, दुष्काळ अशी उजळणी होते. असो.

घराच्या मागच्या खोल्यांचं जुनं माळवद उतरवून स्लॅब टाकायचं चाललंय. त्या माळवदावर एक लोखंडी पाईप आणि त्याच्या टोकाला अँटेनाचा सांगाडा कित्येक वर्षं उभा होता. दोन काड्या तुटलेल्या, एक वाकलेली. पप्पा म्हणाले, "शनिवारी काका येतील काढायला. तू धरू लाग." काका म्हणजे पप्पांचे वर्गमित्र. आमच्या भागात डिश बसवायची म्हटलं की लोक त्यांनाच फोन लावतात. मी इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेतलेला माणूस. पण चार वर्षं ज्याची समीकरणं सोडवली ती अँटेना मी हातात धरली ती ह्या शनिवारी. पहिल्यांदाच!

आधी त्या काड्यांविषयी. ही अँटेना १९२६ सालची. म्हणजे आमची नव्हे, तिची कल्पना. जपानात सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात हिदेत्सुगु यागी हे प्राध्यापक आणि शिंतारो उदा हे त्यांचे सहकारी. वायर जोडलेला दांडा एकच, द्विध्रुव. त्याच्या मागं थोडा लांब दांडा, तो परावर्तक. पुढं थोड्या आखूड काड्या, त्या दिशादर्शक. ह्या बाकीच्या काड्यांना वायर नसते, पण त्यांच्यातून पुन्हा उत्सर्जित होणाऱ्या लहरी एका दिशेला जमून येतात आणि बाकीच्या दिशांना एकमेकींना मारतात. त्यामुळं अँटेना एकाच बाजूचं नीट ऐकते. काड्या जितक्या जास्त, तितकं लांबचं ऐकू येतं, पण तोंडही तितकंच अचूक धरावं लागतं.

ह्यातली प्रयोगांची बरीचशी मेहनत उदांची. इंग्रजीतला गाजलेला लेख मात्र १९२८ साली यागींच्या नावानं आला आणि जगभर नाव पडलं ‘यागी अँटेना’. दुसऱ्या महायुद्धातला एक किस्सा सांगतात. जपान्यांनी सिंगापूर घेतल्यावर त्यांना ब्रिटिशांच्या रडारविषयीच्या टिपणांत ‘यागी’ असा शब्द सारखा दिसला. अर्थ कळेना म्हणून एका कैद्याला विचारलं, तर तो म्हणाला, अहो, हे तुमच्याच प्रोफेसरांचं नाव! उदांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. हेच उदा १९५० च्या दशकात युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काम करून गेले, हे मला आत्ता आत्ता कळलं.

आता आपल्याकडं. दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. वरळीचा ३०० मीटरचा मनोरा त्याचाच. पण मुंबईपासून इतक्या लांब, सह्याद्रीच्या ह्या बाजूला बसलेल्या आमच्यासारख्यांना त्या मनोऱ्याचा काय उपयोग? ह्या लहरी रेडिओच्या मध्यम लहरींसारख्या जमिनीला धरून लांबवर जात नाहीत, साधारण सरळ रेषेत जातात आणि क्षितिजापलीकडं त्यांचा दम संपतो. त्यामुळं आमच्या भागात सांगली आकाशवाणी १९६३ पासून घराघरांत होती, टीव्ही मात्र फक्त मुंबईच्या पाव्हण्यांच्या गप्पांत.

गंमत म्हणजे आमच्या शेजारी टीव्ही आमच्याआधी आला होता, तोही थेट उपग्रहावरून! १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर भारतानं नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून ‘साइट’ हा प्रयोग केला. सहा राज्यांतली २४०० गावं. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची १० फुटी डिश, गावाला मिळून एक संच, दिवसाला साधारण चार तास कार्यक्रम. ह्यात महाराष्ट्र नव्हता, पण कर्नाटकातला विजापूर जिल्हा होता. आमच्या पलीकडं जत तालुका, आणि जतला लागून विजापूर. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला आणि पडदे पुन्हा काळे झाले.

खरा टीव्ही आला तो १९८२ नंतर. १५ ऑगस्ट १९८२ ला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ. इन्सॅट-१ए त्याच सप्टेंबरात निकामी झाला होता. इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ ला चॅलेंजर यानातून गेला आणि टिकला. मग जिल्ह्याजिल्ह्यांत १०० वॅटचे लघुशक्ती प्रक्षेपक बसू लागले. दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावरून डिशवर घ्यायचा आणि छोट्या मनोऱ्यावरून आसपास सोडायचा. १९८४ मध्ये काही महिने तर देशात जवळजवळ रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. १०० वॅट म्हणजे किती? तर आपल्या घरातल्या एका जुन्या बल्बइतके! त्यावर आख्ख्या शहराचा टीव्ही.

अशा प्रक्षेपकाचा भरवशाचा पल्ला साधारण २५ किमी. आमच्यापासून सांगली सरळ रेषेत सुमारे ३५. मी शनिवारी रात्री हिशेब मांडला. उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, साधारण ४ नं गुणा, तेवढ्या किमीवर रेडिओचं क्षितिज. मनोरा ३० मीटरचा धरला तर २२. आमचा माळवद अधिक पाईप मिळून ९ मीटर, म्हणजे १२. बेरीज ३४. शिवाय मिरजेच्या वाटेवर दंडोबा. म्हणजे आमचं गाव बरोब्बर काठावर. काही घरांत चित्र दिसायचं आणि शेजारी फक्त मुंग्या, ह्याचं हे कारण. पाईपाची एक लांबी वाढवली की किलोमीटर-दोन किलोमीटर पदरात पडायचे.

आमच्या घरी टीव्ही आला १९८६ च्या दिवाळीत. कृष्णधवल, लाकडी शटरचा. घराला अँटेना निवडायची म्हणजे काड्या मोजायच्या. मिरजेच्या दुकानदारानं आबांना विचारलं, "गाव कुठलं?" आणि उत्तर ऐकून जास्त काड्यांची काढून दिली, वर बूस्टर घ्यायला लावला. ह्या बूस्टरविषयी एक गैरसमज तेव्हा सर्रास होता (आणि वायफायच्या बाबतीत आजही आहे) की तो कुठंही लावला तरी चालतो. तो सिग्नल वाढवतो तशा मुंग्याही वाढवतो. म्हणून वर, अँटेनापाशी लावायचा, म्हणजे तिथून खाली येताना वायरीत जे गळतं त्याची भरपाई होते. खाली टीव्हीमागं लावला तर मुंग्याच जाड होतात. आमच्याकडं तो आधी खालीच लावला होता. वर नेला तो काकांनी. तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे. कुणी शिकवलं? कुणी नाही. "करून बघितलं," म्हणाले.

आणि मग तो जगप्रसिद्ध संवाद.

"आलं का?"

"न्हाई! जरा डावीकडं... आलं आलं आलं... गेलं! मागं घे!"

पाईप सांगलीच्या अंगाला फिरवायचा. सांगली आणि कोल्हापूर आमच्या इथून जवळजवळ एकाच रेषेत येतात, त्यामुळं दिशेत चूक व्हायला फार वाव नाही असं वाटेल. पण डोंगरावरून उलटून येणारी लहर थोडी उशिरा पोचते आणि पडद्यावर प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचं भूत उभं राहतं. वाट ३०० मीटर जास्त झाली की उशीर एका मायक्रोसेकंदाचा, आणि २० इंची पडद्यावर भूत सुमारे ८ मिमी बाजूला. काका ते भूत बघून दिशा लावायचे. अँटेना मुद्दाम थोडी चुकीची धरायची, म्हणजे मुख्य लहर किंचित कमी, पण उलटून येणारी त्याहून बरीच कमी. हे मी थर्ड इयरला शिकलो आणि पेपरात विसरलो :)

२५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं. रविवारी सकाळी आमच्या सोप्यात निम्मी गल्ली. हे सगळं मी लहानपणापासून पप्पांकडून ऐकत आलोय. चपलांचा ढीग, टीव्हीला घातलेला हार, लाईट गेली की ट्रॅक्टरच्या बॅटरीची धावपळ. मला त्या गोष्टीचा अभिमानच होता. ‘आमच्या घरी आख्खं गाव टीव्ही बघायचं,’ असं मी ऑफिसात चारदा तरी सांगितलं असेल.

शनिवारी पाईप खाली घेताना मी काकांना सहज विचारलं, "काका, तुम्हीपण इथंच बघितलं असेल ना रामायण?"

ते पाना लावत होते. म्हणाले, "ऐकलं जास्त, बघितलं कमी."

मी हसलो. मला वाटलं, वर पाईप धरून बसायला लागायचं म्हणून.

"ते बी हाय. पण वरनं उतरलं तरी आत कुठं यायचं? आमी वस्तीवरची पोरं अंगणात. उंबऱ्याच्या आत न्हाई. आन् दारात ही गर्दी. दिसायचं काय, तर म्होरच्याचं डोस्कं." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, वायशर कुठं पडलं ते शोधता शोधता. "तुझं आबा वाईट न्हवतं हां. चा द्यायचं. पर तवा तसंच हुतं."

पप्पा खाली उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. ते काही बोलले नाहीत. मीही नाही. आबा जाऊन आता सहा वर्षं झाली, त्यांना विचारायची सोय नाही.

पुढचा इतिहास भराभर. १९९१ मध्ये स्टार टीव्ही, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी, आणि गावोगाव केबलवाल्यांच्या मोठाल्या जाळीच्या डिश. १५ ऑगस्ट १९९४ ला दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी आली, पुढं २००० साली तिचं नाव सह्याद्री झालं. १९९९ ला अल्फा मराठी, २००० ला ईटीव्ही मराठी. केबल आमच्या गल्लीत होती, वस्तीत नव्हती. काकांनी तोवर आयटीआय करून दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं होतं.

१६ डिसेंबर २००४ ला दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली, डीडी डायरेक्ट प्लस. आजची डीडी फ्री डिश. सुरुवातीला ३३ वाहिन्या, एकदाच डिश आणि डबा घ्यायचा, महिन्याचं बिल नाही. मनोरा नको, डोंगराची अडचण नाही, गाव काठावर असण्याचा प्रश्नच नाही. काकांनी पहिली डिश बसवली ती स्वतःच्या घरावर. त्यानंतर वस्तीत एकेक करत वाढत गेल्या. आमच्या गल्लीनं केबल सोडून डिश घेतली ती बरीच नंतर.

मला हे गणितही करून बघायचं होतं. आज ही सेवा ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहावरून येते. कवठे महांकाळहून तो दिसतो आग्नेयेला, उत्तरेपासून १३१ अंशांवर, क्षितिजाच्या वर सुमारे ६१ अंश. म्हणजे पाईपाचं तोंड जिकडं होतं त्याच्या डाव्या अंगाला, काटकोनाहून थोडं जास्त वळून, अथणीच्या बाजूला. पण डिश बघितली तर ती इतकी वर बघतेय असं वाटत नाही, कारण तिचा कान मध्यभागी नसून खालच्या अंगाला असतो आणि त्यामुळं २०-२५ अंशांचा फरक पडतो. मी मोबाईलवर आकडे काढून काकांना दाखवले. त्यांनी नीट बघितले आणि म्हणाले, "बरुबर हाय. पर मी शेवग्याच्या शेंड्याकडं धरतो."

जमिनीवरचं जुनं प्रक्षेपण दूरदर्शननं टप्प्याटप्प्यानं बंद केलं. ३१ मार्च २०२२ पर्यंत देशात मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० प्रक्षेपक सोडून बाकी सगळे थांबले. आमची अँटेना त्याच्या बऱ्याच आधीपासून बिनकामाची होती, पण सिग्नल येतोय आणि कुणी बघत नाही, आणि सिग्नलच नाही, ह्यात फरक आहे असं मला उगाच वाटतं.

संध्याकाळी मी वायर जोडायचा दांडा टेपनं मोजला. पाऊण मीटर. १४३ भागिले ०.७५, म्हणजे सुमारे १९१ मेगाहर्ट्झ. १७४ ते २३० च्या पट्ट्यात चपखल. पप्पा म्हणाले, "ठेवायची असली तर ठेव पुण्याला, शोभेला." मी काकांना विचारलं, तुम्हाला हवीय का? खरं तर ती त्यांचीच. ते म्हणाले, "अल्युमिनियम हाय. किलोवर जाईल." आणि गाडीला मागं बांधून घेऊन गेले. मजुरी पप्पांनी दिली, त्यांनी घेतली. चहा आत सोप्यातच झाला. हल्ली तो आतच होतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

मी आजवर ऑफिसात सांगत आलेली ती गोष्ट आता कशी सांगायची, हे मला अजून कळलेलं नाही. ‘आख्खं गाव’ हा शब्द तरी काढावा लागेल. तुमच्याही घरी ती चपलांच्या ढिगाची गोष्ट असेलच. जमलं तर एकदा विचारून बघा, वर पाईप कोण धरायचं आणि ते बसायचं कुठं.

असो. उद्या सोमवार, रिलीज आहे. झोपतो.