खाजनांचे बांध

भाद्रपदांत गोव्यांतील दिवाड बेटाच्या टेकडीवरून खालीं पाहिलें असतां मांडवीच्या पाण्यापर्यंत पोंचलेलीं हिरवीं भातशेतें दिसतात, आणि पाहणाराच्या तोंडून सृष्टिदेवतेची स्तुति आपोआप बाहेर पडते. आमच्याही तोंडून ती एकदां पडली होती. पण भरतीच्या वेळीं खालीं उतरून बांधावर गेलों तेव्हां आमची चूक आमच्या पदरीं आली. एका अंगास नदीचें खारें पाणी बांधाच्या माथ्याजवळ चढलेलें, आणि दुसऱ्या अंगास भात त्या पाण्याहून खालच्या पातळीवर निर्धास्त डोलत असलेलें! सृष्टीनें येथें दिला होता तो तिवरांचा चिखल. शेत मनुष्यानें केलें.

ह्या जमिनीस गोव्यांत खाजन म्हणतात. शब्द जुना आहे. बांदोडें येथें सांपडलेला मौर्य राजा अनिर्जितवर्म्याचा ताम्रपट सुमारें सहाव्या शतकांतला समजतात. त्यांत खज्जन भूमीचें दान आणि खारें पाणी अडविण्यासाठीं घालावयाचा बांध, ह्या दोहोंचाही उल्लेख आहे. आज खाजनांचें क्षेत्र सुमारें १८,००० हेक्टर धरतात. सारा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर. तेव्हां जवळजवळ विसावा हिस्सा भरतीच्या तोंडून काढून घेतलेला आहे.

बांध चिखलाचा, त्यांत पेंढा व फांद्या घातलेल्या, आणि नदीचा मारा जेथें अधिक तेथें जांभ्या दगडाची चिलखतवजा फळी. पण सारी खुबी मानशींत आहे. शेतांतला ओहोळ बांधांतून जेथें नदीस मिळतो, तेथें लांकडी दारें बसविलेलीं असतात, तीच मानस. भरती चढूं लागली कीं तिच्याच दाबानें दारें मिटतात. ओहोटी लागली कीं आंत सांचलेल्या पाण्याचा जोर त्यांस बाहेर लोटतो. नदीवर पहारा नदीकडूनच करून घेण्याची ही युक्ति ज्यानें प्रथम काढली त्याचें नांव कोठें लिहिलेलें नाहीं. पहिल्या पावसांत जमिनीचें मीठ धुवून ह्याच वाटेनें निघून जातें. जें राहतें तें सोसणारें कोरगुट नांवाचें भात लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या राखलें. आणि ओहोटीच्या वेळीं मानशीच्या तोंडाशीं जाळें लावलें म्हणजे बाहेर जाणारे मासे व सुंगटें आयतीं सांपडतात.

ह्या जाळ्याचा पैसा कोठें जाई, हें पाहण्यासारखें आहे. मासे धरण्याचा हक्क गांवकारी लिलावानें देई, आणि तें उत्पन्न ज्या सामाईक निधींत पडे त्यांतूनच बांधाची डागडुजी होई. १५२६ सालीं आफोंसो मेशिया ह्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें गांवकारीच्या चालीरीति लिहून काढल्या. ओसाड बेटावर चार पुरुष बाहेरून आले व त्यांनीं तें लागवडीस आणलें, अशी दंतकथाही त्यांत नमूद आहे. ज्या राजवटीनें पुढें ह्याच गांवांचीं देवळें पाडलीं, तिनें ही व्यवस्था मात्र मोडली नाहीं. तिचा महसूल बांधाच्या आंत पिकत होता!

तथापि गांवकारीस रामराज्य म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. उरलेल्या उत्पन्नाची वांटणी, म्हणजे जोण, गांवकारांच्या पुरुष वंशजांस मिळे. चिखल डोक्यावरून वाहणारास त्या बैठकींत जागा नसे.

१९६१ सालीं पोर्तुगीज राज्य संपलें. १९६४ चा कुळकायदा व त्याची १९७६ ची दुरुस्ती ह्यांनीं कसणारास जमिनीचा धनी केलें. हा न्यायच झाला. परंतु शेत कुळाचें झालें तरी बांध कोणाचा? १९७५ च्या नियमांनीं तो कुळांच्या संघांकडे सोंपविला. ह्या सुमारास भातापेक्षां मासळीचा भाव चढला होता. मानशीचा मक्ता घेणारास खारें पाणी आंत हवें असतें, शेतकऱ्यास तें नको असतें. आणि मक्ता देणारे व भात पेरणारे हे बहुधा तेच लोक! अनेक ठिकाणीं दारें अवेळीं उघडीं राहूं लागलीं. भरीस भर म्हणून लोहखनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनीं मांडवी-जुवारीचे बांध पोखरले. बांध एकदां फुटला कीं दोन-चार वर्षांत पिकाच्या जागीं तिवर उभें राहतें. १९९१ च्या किनारा-नियमांनीं तिवरांस संरक्षण दिलें असल्यामुळें, शेत परत घेऊं म्हणणारास कोयता लावण्याचीही चोरी झाली आहे.

दिवाडहून फेरीबोटीनें परततांना अशीच एक दाटी लागली. बरोबरचे प्रवासी तिला रान म्हणत होते. ओहोटी होती, मुळांच्या मधून जांभ्या दगडांची एक सरळ ओळ दिसत होती.