एचआयव्हीचे दोन नकाशे

फेब्रुवारी १९८६. रात्रीच्या गाडीने मद्रासहून निघालेलं एक जोडपं काटपाडी स्टेशनवर उतरलं आणि रिक्षाने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पोहोचलं. सोबत बर्फाच्या पेटीत रक्ताचे नमुने होते. त्या जोडप्यातल्या सेल्लप्पन निर्मला मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या, वय ३२. प्रबंधासाठी त्यांनी शहरातल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांचं रक्त घेतलं होतं, तेही हातमोज्यांशिवाय. नमुने ठेवायला धड सोय नव्हती, म्हणून ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले होते. वेल्लोरच्या प्रयोगशाळेत त्यांतले सहा नमुने पिवळे झाले, म्हणजे बाधित निघाले. भारतात एचआयव्ही आल्याचा तो पहिला पुरावा.

हा विषय त्यांना देणाऱ्या प्राध्यापिका सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घराण्यातल्या. एड्स हा परदेशातल्या सैल वागणुकीचा रोग, आपल्याकडे तो शिरणार नाही, असं तेव्हा बरेच शहाणेसुरते लोकही बोलत. सुनीतीबाईंनी ते मानलं नाही. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र सुरू केलं आणि ज्यांना इतर दवाखाने दारातूनच परत पाठवत, अशा रुग्णांना तिथे तपासलं. २०१५ साली त्या गेल्या, तोवर त्यांच्या त्या सहा नमुन्यांच्या मागे लाखो माणसांची कहाणी उभी राहिली होती.

पण ही एक कहाणी नाही. देशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत विषाणू वेगवेगळ्या वाटांनी पोहोचला.

मणिपूरची वाट सुईची. ब्रह्मदेशाच्या सीमेवरचं मोरे हे गाव ‘सोनेरी त्रिकोणा’तल्या हेरॉइनच्या मार्गावर येतं. तिथून उतरणारी पांढरी पूड इंफाळच्या तरुणांच्या हाती स्वस्तात पडू लागली आणि एकच सुई चार-पाच जण वापरू लागले. १९८९ च्या सप्टेंबरपर्यंत या तरुणांच्या तपासण्यांत एचआयव्ही सापडत नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे बाधित निघाले. संसर्गाचा इतका वेग जगात फार थोड्या ठिकाणी नोंदला गेला आहे. तिथे विषाणूचं कूळही निराळं निघालं. उरलेल्या भारतात जवळपास सगळीकडे ‘सी’ उपप्रकार आहे, तोच दक्षिण आफ्रिकेतही आहे. भारतातल्या ‘सी’ची जनुकं एकमेकांशी इतकी जुळतात, की आफ्रिकेच्या दक्षिण भागातून तो मोजक्याच वेळा, बहुधा १९७० च्या दशकाच्या आसपास, इथे आला असावा असं अभ्यासक मानतात. मणिपुरात मात्र ‘सी’च्या जोडीला थायलंडकडचा ‘बी’ सापडला आणि दोघांची सरमिसळ झालेले विषाणूही.

महाराष्ट्राची वाट रस्त्याची आणि पोटामागे फिरणाऱ्या माणसांची. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या वेश्यावस्त्यांमधल्या पाहण्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया बाधित आढळत होत्या. मुंबईइतकाच महत्त्वाचा, पण कमी बोलला गेलेला पट्टा म्हणजे सांगली-मिरज-निपाणी-बेळगाव-बागलकोट. पुणे-बेंगळुरू महामार्ग, ट्रकचे थांबे, साखर कारखाने, कामासाठी मुंबई गाठणारी माणसं आणि यल्लम्माला मुली सोडण्याची रूढी, हे सगळं तिथे एकाच भूगोलात येतं. मुंबईत विषाणू घेऊन परतलेला नवरा घरी आजारी पडे, मग बायको पॉझिटिव्ह निघे आणि सासरचे तिलाच दोष देत. सांगली जिल्ह्यातल्या किती घरांनी हे पाहिलं असेल, याची कुठेही नोंद नाही.

सांगलीने यातून काहीतरी उभंही केलं. १९९२ साली मीना सेषू यांनी ‘संग्राम’ सुरू केली आणि पुढे त्यातूनच या धंद्यातल्या स्त्रियांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. निरोध वाटणाऱ्याही त्याच आणि गिऱ्हाइकाला ‘निरोधाशिवाय नाही’ असं तोंडावर सांगणाऱ्याही त्याच. कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी त्याच वर्षी असंच काम हाती घेतलं होतं. मुंबईत प्रमाण पन्नास टक्क्यांवर असताना सोनागाछीत ते दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहिलं. हा फरक विषाणूने केला नाही. आपल्या कामाच्या अटी ठरवण्याची ताकद एका ठिकाणच्या बायकांच्या हातात आली आणि दुसरीकडे त्या घरवालीच्या कर्जात अडकलेल्या राहिल्या, यातून तो पडला.

हा झाला संसर्गाचा नकाशा. दुसरा नकाशा औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूचा आहे. तो बराच उशिरा काढला गेला आणि तो गोळ्यांच्या वाटेने जातो.

एचआयव्ही स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो. शरीरात एकच औषध असेल, तर त्या चुकांतून एखादा विषाणू त्या औषधाला पुरून उरतो आणि मग त्याचीच प्रजा वाढते. म्हणून तीन औषधं एकदम आणि न चुकता द्यावी लागतात. हे १९९६ मध्ये जगाला कळलं होतं. पण तेव्हा तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर होता. भारतातल्या रुग्णाला परवडेल तेवढंच मिळायचं: कधी एक औषध, कधी दोन. दागिने मोडून सहा महिने, जमीन विकून आणखी सहा महिने, मग बंद. डॉक्टरांपाशीही दुसरं काही नव्हतं. औषधप्रतिरोधाचं बी त्या वर्षांत पेरलं गेलं.

ही कोंडी फोडण्यात मोठा वाटा मुंबईतल्या कंपनीचा आहे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषध बनवण्याच्या कृतीला संरक्षण होतं, खुद्द औषधाला नव्हतं. त्याचा आधार घेऊन सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. स्टाव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन, तिन्ही एकाच गोळीत. आफ्रिकेतल्या असंख्य माणसांचे प्राण या गोळीने वाचवले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनेही निवडक सरकारी रुग्णालयांतून मोफत उपचार सुरू केले.

नेव्हिरॅपिन मात्र दुधारी औषध होतं. विषाणूच्या जनुकात एका ठिकाणी बदल झाला, की त्याचा प्रभाव संपतो. त्यातही ते रक्तात कित्येक दिवस, कधी आठवडे रेंगाळतं. रुग्णाने तिन्ही गोळ्या थांबवल्या, की दुसरी दोन औषधं लवकर उतरतात आणि नेव्हिरॅपिन एकटं उरतं. म्हणजे केंद्रात साठा संपला किंवा तिकिटाला पैसे नसल्याने महिना चुकला, तरी शरीरात नकळत एकऔषधी उपचार चालू राहतो. बाळंतपणाच्या वेळी आईला नेव्हिरॅपिनची एकच गोळी देऊन बाळाला वाचवता येतं, हे १९९९ च्या युगांडातल्या अभ्यासाने दाखवलं आणि भारतासह अनेक देशांनी ती पद्धत घेतली. असंख्य बाळं वाचली. पण आईच्या शरीरात त्या एका गोळीने प्रतिरोध राहून जाई, आणि तो ‘सी’ उपप्रकाराच्या स्त्रियांमध्ये इतरांपेक्षा अधिक आढळला. आपल्या बायकांना याची किंमत त्यांना विचारल्यावाचून मोजावी लागली, हे इतिहासात स्पष्ट लिहिलं गेलं पाहिजे.

त्यानंतरची चूक तपासणीची. युरोपात रुग्णाचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दर काही महिन्यांनी मोजला जाई. इथे बराच काळ ‘सीडी फोर किती आला?’, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी किती उरल्या, एवढ्यावरच काम भागवलं गेलं. सीडी फोर घसरू लागेपर्यंत विषाणू वर्ष-दोन वर्षं आधीच मोकाट सुटलेला असतो आणि त्या काळात बदलांवर बदल साचतात. दुसऱ्या फळीची औषधं, रुग्णांच्या भाषेत ‘सेकंड लाइन’, २००८ साली सुरुवातीला फक्त मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि चेन्नईजवळच्या तांबरमला मिळू लागली. व्हायरल लोडची नियमित तपासणी देशभर सुरू व्हायला २०१८ उजाडलं.

तपासणी उशिरा झाली की प्रतिरोध वाढतो, हे जगभर दिसतं. उपचार फसलेल्या रुग्णांतला टेनोफोव्हिर या औषधाचा प्रतिरोध अनेक देशांतून तपासला गेला. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तो युरोपात सुमारे २० टक्के आणि आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला निम्म्याहून अधिक होता. त्यात ‘सी’ उपप्रकाराच्या जनुकीय घडणीचा थोडा हात आहे, हे खरं. मोठं कारण मात्र उशिरा सुरू झालेले उपचार आणि न झालेल्या तपासण्या हेच. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की पाहणी केलेल्या ११ देशांपैकी ६ देशांत औषध नव्याने सुरू करणाऱ्या दहांतल्या एकाहून अधिक माणसांत नेव्हिरॅपिनच्या गटाला दाद न देणारा विषाणू आधीपासूनच होता. म्हणून डोल्युटेग्राविर या औषधाकडे वळावं लागलं. विषाणूला ते सहजासहजी चुकवता येत नाही. भारतात २०२० पासून त्यावर आधारलेली गोळी सरकारी केंद्रांतून दिली जाऊ लागली.

आज मिझोराममध्ये प्रौढांतलं एचआयव्हीचं प्रमाण २.७ टक्के आहे. देशाची सरासरी ०.२ टक्के, म्हणजे मिझोराम तेरापटीने पुढे. बाधितांची सर्वांत मोठी संख्या मात्र महाराष्ट्रात आहे, सुमारे ३ लाख ९० हजार. त्यात ऊसतोडीला जाणारे आहेत, ट्रकवाले आहेत, मुंबई-पुण्यात सहा महिने राबून गावी परतणारे आहेत. गोळ्या चुकण्याचा धोका सर्वांत जास्त याच माणसांना आहे. आपल्या ओळखीत असं कुणी असेल तर त्यांना एवढं जरूर सांगा: गाव सोडण्याआधी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात जाऊन पुढच्या मुक्कामाच्या केंद्रासाठी कागद करून घ्या, गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच नव्या आणा, आणि काही अडलं तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा.