ओव्याची शेते आणि मुंबईची घरे

मुंबईच्या घरांचा इतिहास हा एका परीने अपुऱ्या भूमीचाच इतिहास होय. १८९६ साली प्लेगाने दाट वस्तीतील अंधाऱ्या खोल्यांचे भीषण रूप उघडे केले, तेव्हा १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टाची स्थापना झाली. ट्रस्टाने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आखली. परंतु ज्याची खोली रस्त्यात गेली त्या कामकऱ्याला तेवढ्याच भाड्यात दुसरी खोली मिळतेच असे नव्हते. पुढे १९२० मध्ये विकास खाते निघाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे मिळून २०७ चाळी आणि सुमारे साडेसोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. गंमत अशी की, आरंभी यांतील कितीतरी खोल्या रिकाम्याच पडून होत्या. पुढे मात्र त्याच खोल्यांत तीन तीन पिढ्या नांदल्या.

खोली याहून लहान करणे शक्य नव्हते. उरला मार्ग भूमी वाढविण्याचा, आणि तो खाडी ओलांडून जात होता. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी पूर्वेच्या मुख्य भूमीवर नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे महामंडळ निघाले आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील सुमारे ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. खारघर व तळोजे यांच्यामधील ओवे हे त्यांतीलच एक गाव. योजनेचे गणित मोठे चतुर होते: शेती शेतीच्या भावाने घ्यावयाची, तिच्यावर रस्ते व पाणी आणावयाचे, आणि वाढलेल्या किमतीतून शहर उभारावयाचे. त्या वाढीत मूळ धन्याचा वाटा कोणता, हा प्रश्न मात्र त्या गणितात घातलाच नव्हता.

तो शेतकऱ्यांनी घातला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात जासई व दास्तान फाटा येथे गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्यू पावले. त्या रक्तातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. एकराचे चाळीस गुंठे. त्यांतील पाच गुंठे परत. परंतु सार्वजनिक सोयींसाठी त्यांतूनही कपात होऊन शेतकऱ्याच्या हाती पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठेच पडत. इकडे गावठाणाची सीमा जुनीच राहिली आणि कुटुंबे वाढली. मुलाचे लग्न झाले की घराला एक खोली जोडावयाची, हा कोकणातला जुना परिपाठ. तो आता 'गरजेपोटी बांधलेले घर' या नावाने सरकारी कागदांत शिरला, आणि ज्याची शेते शहराला गेली तोच आपल्या अंगणात अनधिकृत ठरला.

ओव्याच्या परिसरात आज उंच इमारती आहेत. अल्प उत्पन्न गटासाठी सिडकोने बांधलेली 'स्वप्नपूर्ती' वसाहत खारघरच्या सेक्टर ३६ मध्ये याच बाजूला आहे. २०१६ मध्ये ओवे पनवेल महानगरपालिकेत आले, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. तिकडे वरळीच्या १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे बांधली जात आहेत. त्यांतील पहिली ५५६ घरे २०२५ च्या ऑगस्टमध्ये रहिवाशांना मिळाली. जागा टंचाईची झाली की उंच चढावे, असे तज्ज्ञ सांगतात, आणि वरळीत ते खरेही ठरत आहे. कारण तेथे जुन्या भाडेकऱ्याचा हक्क प्रथम मान्य झाला व मनोरा नंतर चढला. ओव्यात क्रम उलटा होता.

शहराची कड आता ओव्याच्याही पुढे गेली आहे. विमानतळाच्या भोवतालच्या गावांसाठी २०१३ पासून सिडकोची 'नैना' ही योजना आखली जात आहे. तीत शेतकऱ्याने जमीन एकत्र द्यावी व विकसित झाल्यावर चाळीस टक्के परत घ्यावी, असा करार आहे. एकराला सोळा गुंठे. ओव्याच्या साडेतीन गुंठ्यांशी ताडून पाहता ही वाढ थोडी नव्हे. तरीही तेथील अनेक शेतकरी या योजनेला विरोध करीत आहेत. उरलेले चोवीस गुंठे कोणासाठी, हे ते विचारतात.