बाईंच्या घरातलं काम

पारगाव म्हटलं, की आमच्या भागात लगेच पुढचा प्रश्न येतो, "कुठलं पारगाव?" जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आणि पारगाव तर्फे खेड. 'तर्फ' म्हणजे जुन्या महसुली कारभारातला गावांचा गट. तो कारभार गेला, शब्द मात्र गावाच्या नावाला चिकटून राहिला. माझ्या आजीचंही तसंच झालं. तिची नोकरी 1986 मध्ये संपली, पण 'बाई' हा शब्द काही सुटला नाही. नातवंडं झालेली माणसंसुद्धा ती पारावरून जाताना उठून उभी राहायची.

आजी व्हर्नाक्युलर फायनल झालेली. त्या काळी सातवीच्या या परीक्षेवर प्राथमिक शाळेत शिक्षकाची नोकरी मिळे. ती लोकल बोर्डाच्या शाळेत लागली. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि शाळेवरची पाटी बदलली. 1951 च्या जनगणनेत आपल्या देशात शंभर स्त्रियांमागे साक्षर होत्या जेमतेम नऊ. खेड्यात तर त्याहून कमी. अशा गावात पगार घेणारी, सही करणारी बाई म्हणजे नवलच होतं.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा डिंभे धरणाचं पाणी आमच्याकडे आलेलं नव्हतं. बायका खडी फोडायला जात आणि मोठ्या मुली धाकट्या भावंडांना घेऊन त्यांच्यामागे. वर्ग ओस पडला. आजीने मुलींची नावं पटावरून कमी केली नाहीत. संध्याकाळी कंदील लावून तिने घरच्या ओसरीवर वर्ग सुरू केला. मुलींबरोबर त्यांच्या आयाही येऊ लागल्या. त्यांना कविता नको होत्या. मस्टरवर आपले दिवस किती लागले आणि पैसे किती झाले, एवढं वाचता यायला हवं होतं. म्हणून आजीने 'ग गवताचा' बाजूला ठेवला आणि नाव, वार, आकडे इथून सुरुवात केली.

ही युक्ती तिची एकटीची नव्हती. शाळेत मूल येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावं, हा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघरमध्ये, करून दाखवला होता. अनुताई आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या. त्यांचा जन्म 1910 सालचा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवू लागल्या आणि नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. 1945 मध्ये त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या, नंतर कोसबाडच्या टेकडीवर. वारली मुलं गुरांमागे रानात जातात हे पाहून तिथे कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे वापरले गेले. पाड्यातल्या अंगणात भरणारी ती 'अंगणवाडी'. 1975 मध्ये केंद्र सरकारच्या बालविकास योजनेने हा शब्द उचलला आणि तो देशभर गेला. 1973 मध्ये ताराबाई गेल्या. अनुताई 1992 पर्यंत, अखेरपर्यंत, त्याच कामात होत्या.

आजीला अनुताईंचं फार कौतुक. पण आमच्या घरात हे कौतुक सगळ्यांनाच सारखं मानवत नसे. त्याचं कारण माझी आई.

आई आजीची थोरली लेक. गावात तेव्हा सातवीपर्यंतच शाळा. पुढच्या शिक्षणासाठी रोज पायपीट करावी लागायची. पण शाळा सुटल्यावरही आजी कुणाच्या मुलीचं लग्न थांबव, कुणाचा दाखला लिहून दे, कुणाला दवाखान्यात ने, अशा कामांत गुंतलेली. मग भाकऱ्या कोण थापणार, धाकट्यांना कोण सांभाळणार? आई सातवीनंतर घरीच राहिली, आणि पुढे तिला गावातच दिली. ओसरीवरच्या वर्गाला आलेल्या बायकांसाठी चहा ठेवायला येणारी तीच होती.

मी लहानपणी एकदा विचारलं, "तुला राग येत नाही का?" आई म्हणाली, "राग कसला? गावाची बाई होती ती. मला आई हवी होती तेव्हा ती गावाची होती, एवढंच."

हे आजीच्या कानावर गेलं की नाही, मला माहीत नाही. पण निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी तिने दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आणला आणि आईपुढे ठेवला. अनुताई दिवसभर शिकवून रात्री स्वतः शिकत, हे तिने तेव्हा पुन्हा सांगितलं. आई अडतीस वर्षांची होती, मी सातवीत. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघी एकाच दिव्याखाली बसायचो. आजी समोर. आणि त्या वर्षभर आमच्या घरची भांडी घासली ती आजीने. आईने नको नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

मार्चमध्ये आईचं गणित राहिलं. ऑक्टोबरमध्ये तेही सुटलं. आजी एवढंच म्हणाली, "उशीर माझ्यामुळे झाला."

आता आजी नाही. गावाभोवती ऊस आहे, कारखाना आहे, मुली कॉलेजला जातात. आजीची आठवण निघते तेव्हा लोक दुष्काळातला वर्ग सांगतात, आणि ते खरंच आहे. मी मात्र त्यात ओसरीच्या आतली गोष्टही घालते. समाजासाठी वेळ देणाऱ्या बाईचा वेळ कुठून तरी आलेला असतो. बहुतेक वेळा तो घरातल्याच दुसऱ्या बाईने दिलेला असतो.

तुमच्याही गावात अशा एक बाई होऊन गेल्या असतील. त्यांच्याविषयी जरूर लिहून ठेवा. आणि लिहिताना विचारा, त्यांच्या घरी तेव्हा चूल कोण पेटवत होतं? तेही नाव लिहा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)