सिमिलिपालला ताडोबाची सोयरीक

मऊ मातीत उमटलेल्या पंजावर काच धरायची, वरून पेनाने कडा गिरवायची आणि तो ठसा कागदावर उतरवून घ्यायचा. वाघ मोजण्याची ही रीत ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधुरी यांनी रुळवली. १९७२च्या पहिल्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ भरले, ते अशाच ठशांवरून. पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं, तसंच मयूरभंजमधलं सिमिलिपालही होतं.

ठशावरून वाघ किती ते कळे. ते एकमेकांचे कोण, ते कळत नसे.

सिमिलिपालच्या वाघांचं नातं मात्र त्यांच्या कातडीवरच उमटू लागलं होतं. १९९३मध्ये तिथे एका मुलाने स्वतःला वाचवताना बाणाने वाघीण मारली. तिचे काळे पट्टे पसरून एकमेकांत मिसळले होते. पुढे अशा काळ्या वाघांचे फोटो कॅमेऱ्यांतही येऊ लागले.

उलगडा झाला २०२१मध्ये. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन, विनय सागर आणि सहकाऱ्यांनी विष्ठा, केस, रक्त यांतला डीएनए वाचला. ‘टॅकपेप’ नावाच्या जनुकात एका अक्षराचा फरक सापडला. आई आणि बाप दोघांकडूनही तो आला, तरच पिलू काळं होतं. देशातल्या इतर जंगलांतल्या नमुन्यांत हा फरक नव्हता. सिमिलिपालमध्ये मात्र सुमारे ३७ टक्के वाघ काळे असावेत, असा अंदाज निघाला. बाहेरचा वाघ येत नव्हता, मोजक्याच वाघांचा वंश आपसातच वाढत होता. पुढे ओडिशाच्या २०२३-२४च्या गणनेत तिथले २७ प्रौढ वाघ मोजले गेले, त्यांतले १३ काळे.

देखणा रंग हा आजार नव्हे. पण जवळच्या नात्यात वंश वाढत गेला की लपलेले दोषही असेच जोडीने उघडे पडतात, आणि तेव्हा नवं रक्त आणण्यावाचून इलाज उरत नाही.

म्हणून २०२४च्या अखेरीस ताडोबाने सिमिलिपालला दोन लेकी दिल्या, जमुना आणि झीनत. जमुना रुळली. झीनत डिसेंबरमध्ये जंगल सोडून झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये गेली. २९ डिसेंबरला बांकुड्यात तिला बेशुद्ध करून पकडलं आणि नव्या वर्षाच्या आरंभी परत आणलं.

या दोघींचं रक्त सिमिलिपालच्या वंशात कितपत मिसळलं, हे पुढच्या पिढीच्या विष्ठेतला डीएनए वाचूनच कळेल.