प्रिंटला कंस का लागले?

पायथन शिकायला बसलेला माणूस पहिल्याच आठवड्यात मला विचारतो, ‘सर, पुस्तकात आहे तस्संच टाइप केलं, तरी एरर येतोय.’ मी आधी विचारतो, पुस्तक कुठल्या सालचं? जुन्या पुस्तकांत प्रिंट लिहून पुढे नुसतं अवतरणचिन्हातलं वाक्य असतं. आता तिथे कंस लागतो. मग पुढचे प्रश्न येतातच. सात भागिले दोनचं उत्तर पुस्तकात 3, आणि माझ्याकडे साडेतीन कसं? इनपुटमध्ये पाच आणि पाच दिले, तर बेरीज 55 कशी?

तिन्हींचं उत्तर एकच: पुस्तक पायथन 2 चं आहे आणि तुमच्या मशीनवर पायथन 3. पण एका भाषेचे असे दोन तुकडे झालेच का? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

गिदो व्हान रॉसम यांनी 1989 च्या नाताळच्या सुट्टीत, ॲम्स्टरडॅमला, पायथन लिहायला घेतलं. फेब्रुवारी 1991 मध्ये ते लोकांच्या हाती आलं. युनिकोडची पहिली आवृत्ती आली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. म्हणजे पायथन जन्मलं, तेव्हा जगातल्या सगळ्या लिप्यांना सामावणारं मानकच बाजारात नव्हतं. अक्षर म्हणजे बाइट, एवढाच हिशोब.

2000 साली पायथन 2 मध्ये युनिकोड आलं, पण जुन्या स्ट्रिंगच्या शेजारी, वेगळा प्रकार म्हणून. दोन्ही एकत्र केले की भाषा गुपचूप जुळवून घ्यायची. मजकूर इंग्रजी असेपर्यंत सगळं आलबेल. ज्या दिवशी एखाद्या गिऱ्हाईकाचं नाव देवनागरीत आलं, त्या दिवशी प्रोग्राम कोसळला! चूक महिनाभर आधीच्या कोडमध्ये, आणि बोंब आज.

एक गंमत सांगतो. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथन 2 ला विचारा. साध्या स्ट्रिंगमध्ये, यूटीएफ-8 असेल तर, उत्तर येतं 15. कारण ते बाइट मोजतं, आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तिथे तीन बाइट लागतात. पायथन 3 सांगतं 5.

हे दुरुस्त करायचं तर जुनं कोड मोडणारच होतं. 3 डिसेंबर 2008 ला पायथन 3.0 आलं, ते असं जाणूनबुजून मोडणारं. मोडायचंच आहे तर बाकीची साफसफाईही उरकून घेतली: प्रिंट साधं फंक्शन झालं, भागाकार खरा झाला, इनपुट नेहमी मजकूरच देऊ लागलं. माझ्या मते प्रिंटचा बदल सगळ्यांत कमी गरजेचा होता, आणि शिव्या मात्र त्यालाच सर्वाधिक पडल्या. डोळ्यांना तोच दिसतो ना!

लोक हलेनात. लायब्ररी वापरणाऱ्यांची वाट बघतायत, वापरणारे लायब्ररीची. जँगोसारख्या मोठ्या फ्रेमवर्कलाही पायथन 3 वर चालायला 2013 उजाडलं, तेही प्रायोगिक म्हणून. मधल्या काळात दोन्हींवर चालणारं कोड लिहायला ‘सिक्स’ नावाची लायब्ररी निघाली. दोन गुणिले तीन, म्हणून सिक्स. स्ट्रिंगआधी लावायचं ‘यू’ 3.0 मध्ये काढून टाकलं होतं, ते 2012 साली 3.3 मध्ये निमूटपणे परत आणावं लागलं. पायथन 2 चा आधार 2015 मध्ये थांबायचा होता, तो 2020 पर्यंत लांबला. शेवटची 2.7.18 एप्रिल 2020 मध्ये आली.

आता तुमच्या मशीनवर करून बघा. ‘एकूण’ नावाचं व्हेरिएबल देवनागरीतच लिहा आणि त्यात 5 ठेवा. चालतं! पायथन 2 मध्ये हे शक्य नव्हतं. आणि ‘मराठी’ची लांबी 5 का, आपण तर तीन अक्षरं म्हणतो? कारण राचा काना आणि ठीची वेलांटी युनिकोडच्या लेखी वेगळी चिन्हं आहेत. म, र, काना, ठ, वेलांटी. मोजा.